बटाट्यांना बेल्ट

पंचेचाळिशीनंतर गाडी शिकायला घेतलेल्या बाईला येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन गोष्टी सांगतो. क्लच हळू सोड, आणि इन्शुरन्स नीट बघून घे. क्लचसाठी निदान शेजारी सर बसलेले असतात आणि त्यांच्या पायाखाली जादाचा ब्रेक असतो. इन्शुरन्सच्या बाबतीत अशी सोय कुणी केलेली नाही. बारीक टायपातल्या इंग्रजीची चार-सहा पानं हातात पडतात, आणि आपण ती उलटत थेट शेवटच्या आकड्यापाशी जातो.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेब बघते. खतावणी, व्हाउचर, व्याजाची आकारणी यांत नोकरी गेली, त्यामुळे आकड्यांना आपण घाबरत नाही असा माझा समज होता. यांच्या पुण्यातल्या मित्राने मोठी गाडी घ्यायची ठरवली आणि त्याची २०१९ सालची छोटी पेट्रोल गाडी आमच्या दारात आली. एमएच १२, इंजिन ११९७ सीसी, मागच्या काचेवर देवस्थानाचा स्टिकर. गाडीबरोबर त्याने चालू पॉलिसीची प्रतही दिली. "अजून बरेच महिने आहेत, तुम्हाला काहीच करायला नको," म्हणाला.

आमचा विमा एजंट हा यांचा शाळेतला दोस्त. तो मला वहिनी म्हणतो, मी त्याला भावजी. फोनवर हे वाक्य ऐकून तो मोठ्यांदा हसला. गाडी विकली की जुनी पॉलिसी नव्या मालकाकडे पूर्ण येत नाही, अर्धीच येते, असं त्याचं म्हणणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे 'थर्ड पार्टी'चा भाग गाडीबरोबर आपोआप सरकतो. मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, म्हणजे 'ओन डॅमेज', तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी चौदा दिवसांत अर्ज. तो केला नाही आणि गाडी कुठे धडकली, तर समोरच्याला पैसे मिळतील, तुमच्या बंपरला मिळणार नाहीत.

अर्ज केला. मग आला खरा धक्का. कंपनीने नाव बदलायचं शुल्क मागितलं, ते समजण्यासारखं होतं. पण त्याच्याबरोबर 'एनसीबी रिकव्हरी' म्हणून वेगळी रक्कम मागितली. एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षं निष्कलंक गेली की ५० टक्के. यांच्या मित्राने ती शिडी पूर्ण चढलेली होती, म्हणजे हप्ता निम्मा. आता मालकीण मी झाले, तर उरलेल्या महिन्यांसाठी ती निम्मी सूट मी परत भरायची. गाडी तीच, इंजिन तेच, डाव्या दाराचा ओरखडासुद्धा तोच.

"असं कसं? गाडी तर बदलली नाही."

"बोनस गाडीचा नसतो वहिनी, माणसाचा असतो. तो त्याचा बोनस घेऊन त्याच्या नव्या गाडीत गेला."

मला राग आला, पण हिशेबनीस म्हणून ते पटलंही. जपून चालवली त्याने, फळ त्याला. विम्याच्या कागदात माणसाची किंमत होते ती ही जागा, अशी मी मनात नोंद केली. पुढे कळलं की तसं म्हणायलाही फारसा आधार नाही. बोनस जपून चालवण्याचा नाहीच, तो क्लेम न मागण्याचा आहे. भाजी मंडईबाहेर उभ्या गाडीला कुणीतरी स्कूटर घासून गेलं तेव्हा भावजींनी पहिला सल्ला दिला, "क्लेम टाकू नका, खिशातून करा, बोनस जाईल." शिवाय आमच्यासारख्या १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले १००० रुपये सक्तीने आपलेच. म्हणजे विमा काढायचा आणि तो वापरायचा नाही, यातच शहाणपण. पतसंस्थेत असा सभासद आम्हाला फार आवडतो.

त्यानंतर मी ती पॉलिसी खरोखर वाचायला घेतली. रात्री जेवणं झाल्यावर, चष्मा आणि पेन्सिल घेऊन.

पॉलिसीचे दोन तुकडे असतात हे तोवर कळलं होतं. पहिला गाडीच्या शरीराचा. तिथे सगळं आयडीव्हीवर चालतं, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर जास्तीत जास्त किती मिळतील तो आकडा. नव्या गाडीची किंमत सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी उतरलेली धरतात, वर्षाच्या आत १५, आणि पाचव्या वर्षाअखेर निम्म्यावर आणतात. पाच वर्षांपुढच्या गाडीचं काय ते तुम्ही आणि कंपनी बोलून ठरवा. आमची गाडी त्या 'बोलून ठरवा'च्या वयात आलेली.

मग सुट्या भागांचं कोष्टक. काच फुटली तर घसारा शून्य. फायबरग्लासला ३० टक्के. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांना ५० टक्के. आणि याच ओळीत, टायर-बॅटरीच्या शेजारी, एअरबॅग. म्हणजे अपघातात एअरबॅग उघडली, तिने माझा जीव वाचवला, तर नवी बसवताना निम्मे पैसे माझे. तो घसारा टाळायचा असेल तर 'झिरो डेप' नावाचं जोड कलम वेगळं विकत घ्यायचं, पण ते बहुतेक कंपन्या जुन्या गाडीला देत नाहीत. पुढे झोनचा प्रकार. देशातली आठ शहरं झोन ए मध्ये आणि बाकी सगळा देश झोन बी मध्ये. त्या आठांत मुंबई आहे आणि पुणेही आहे. गाडी साताऱ्यात उभी असली तरी नोंदणी पुण्याची, म्हणून हप्ता पुण्याचा. कधी नव्हे ते पुणेकर असण्याचे पैसे भरले.

दुसरा तुकडा थर्ड पार्टीचा. हा कायद्याने सक्तीचा, कलम १४६. याच्याशिवाय गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्यांदा २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पहिल्या तुकड्याचे दर कंपन्या २००७ पासून आपापले ठरवतात, त्यामुळे तिथे घासाघीस चालते. दुसऱ्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनचा दर असा: १००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३४१६, त्याहून मोठ्या इंजिनाला ७८९७. आमचे ३४१६, वर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला. गाडीच्या विम्यावरचा मात्र होता तिथेच राहिला.

त्या ३४१६ वर मी बराच वेळ पेन्सिल आपटत बसले. ओन डॅमेजमध्ये निदान बोनस तरी आहे. इथे काहीच नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा मोबाईल कानाला लावून एका हाताने चालवतो, तो ३४१६ भरतो. मी दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून, चाळीसच्या वर न जाता, पाठीमागचे शिव्या देत असताना चालवते. मीही ३४१६. विचारतात फक्त सीसी.

आता बेल्टकडे येते. खरं म्हणजे बेल्टशी माझी गाठ या सगळ्याच्या आधीच पडली होती.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझा बेल्ट पहिल्या दिवशी अडकला. घाईने ओढला की तो जागीच घट्ट होतो, सावकाश ओढला की मुकाट येतो. "मॅडम, झटका बसला की धरायचं हेच त्याचं काम," सर म्हणाले. सरांचा स्वतःचा बेल्ट सीटमागून फिरवून खाचेत अडकवलेला होता, म्हणजे गाडी गप्प आणि सर मोकळे. चौकात पोलीस दिसला की ते हाताने एक पट्टा छातीवर ओढून धरत आणि चौक ओलांडला की सोडून देत. हे ते क्लच सोडण्यापेक्षा कितीतरी सफाईने करत.

आमच्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची घंटी आहे. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना ती सक्तीची झाली, त्याच वेळी ड्रायव्हरची एअरबॅग, मागे घेतानाचे सेन्सर आणि वेगाचा इशाराही आला. वेगाच्या घंटीशी माझी अजून ओळख झालेली नाही, कारण ती ८० च्या पुढे वाजते. बेल्टची घंटी मात्र छळते. शेजारच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर आहे, आणि वजन कशाचं हे त्याला कळत नाही. बाजारातून येताना तिथे बटाट्याची पिशवी ठेवली आणि घंटी सुरू झाली. पिशवी खाली ठेवायला गाडी थांबवावी तर मागे एसटी. शेवटी सिग्नलला पिशवीला बेल्ट लावला. घंटी थांबली, मी पुढे निघाले, आणि आरशात बघितलं तर मागच्या सीटवर सासूबाई पाय वर घेऊन, मोकळ्या, खिडकीला टेकून बसलेल्या.

"आई, बेल्ट लावा ना."

"मागं बसणाऱ्याला कसला गं बेल्ट? तो पुढच्यांना असतो."

लावा म्हटलं, पण लावणार कुठे? घरी येऊन मागची सीट तपासली. पट्टे होते, कुलूप नव्हतं. पहिल्या मालकाने हौसेने लेदरचं सीट कव्हर शिवून घेतलं होतं आणि बेल्टची मागची तीनही कुलपं त्याच्याखाली गाडली गेली होती. सहा वर्षं त्या गाडीत मागे कुणीही बेल्ट लावलेला नाही याचा इतका पक्का पुरावा दुसरा नसेल. कव्हरवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "मॅडम, बहुतेक लोक झाकूनच घेतात, टोचतं म्हणतात." त्याने ब्लेडने तीन चिरा पाडल्या आणि कुलपं बाहेर काढली. मधल्या सीटला तर नुसता कमरेचा पट्टा, खांद्यावरून येणारा नाहीच.

नियम काही नवा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ (३) मागच्या, पुढे तोंड करून असलेल्या सीटनाही लागू आहे, आणि तो जुना आहे. लोकांना तो आठवतो तो कुणी गेल्यावर. सासूबाईंना गोपीनाथ मुंडे यांचं जाणं चांगलं आठवतं, दिवसभर टीव्हीसमोर बसून होत्या. ३ जून २०१४, दिल्लीत सकाळी विमानतळाकडे निघालेले, केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झालेला. दुसऱ्या गाडीने धडक दिली. ते मागच्या सीटवर होते. बेल्ट असता तर वाचले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर बोलून दाखवलं होतं. सासूबाईंना दिल्ली आठवते, धडक आठवते, अंत्ययात्रेची गर्दी आठवते. सीट आठवत नाही. मग ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. गाडी अतिशय महागडी आणि सुरक्षित म्हणून नावाजलेली. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघेही गेले, आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांनाच बेल्ट बंधनकारक असल्याचं जाहीर केलं.

मिस्त्रींच्या अपघातानंतर बरंच छापून आलं होतं ते मी आता शोधून वाचलं. मागे बसलेला माणूस बेल्टशिवाय असेल तर धडकेत तो गाडीच्याच वेगाने पुढे जातो आणि पुढच्या सीटवर, म्हणजे पुढच्या माणसाच्या पाठीवर आदळतो. सासूबाई नेहमी माझ्या मागेच बसतात. हे मी त्यांना तशाच शब्दांत सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझ्यासाठी लावायचा होय? मग असं आधी सांगायचं." आणि लावला. पट्टा गळ्याला काचतो ही तक्रार खरी होती, त्या ठेंगण्या आहेत. पाठीमागे उशी घेऊन बसल्यावर तो खांद्यावर आला. खालचा पट्टा पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून जायला हवा. नऊवारीत ते कसं जमवायचं याचं चित्र गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेलं नाही. आमचं आम्ही शोधलं.

दंडाचं कलम वाचलं तेव्हा आणखी एक गंमत कळली. १९४ ब म्हणतं, जो बेल्ट न लावता गाडी चालवेल किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी नेईल, त्याला १००० रुपये. म्हणजे सासूबाईंनी नाही लावला तर दंड मला. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा लहान मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तरी चालवणाऱ्यालाच. आणि ई-चलनाचा मेसेज जातो मालकाच्या नोंदलेल्या मोबाईलवर. गाडी नावावर होईपर्यंत आमचं एक पार्किंगचं चलन यांच्या मित्राला पुण्यात मिळालं, त्याने ते फॅमिली ग्रुपवर टाकलं.

घंटीवर उपाय म्हणून भाच्याने मला एक भेट आणली. बेल्टच्या कुलपात खुपसायची धातूची चिप, तिच्यावर गाडीच्या कंपनीचा छाप. ती खुपसली की गाडीला वाटतं बेल्ट लागला. "मामी, बटाट्यांचा प्रश्न मिटला." ही वस्तू बाजारात किती खपते याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना या चिपा विकायला बंदी केली आणि १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. त्या आदेशाबरोबर रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडाही दिला होता: २०२१ मध्ये बेल्ट न लावल्यामुळे १६,३९७ माणसं गेली, त्यांत ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी. चालक आणि प्रवासी जवळजवळ निम्मे-निम्मे. मी तर समजत होते चालकच कितीतरी जास्त असणार.

पण माझं लक्ष वेगळ्याच वाक्यावर अडलं. अशी चिप वापरली असेल तर विमा कंपनी ग्राहकाचा निष्काळजीपणा दाखवून क्लेम नाकारू शकते, असा इशाराही प्राधिकरणाने दिला होता. बेल्ट आणि विमा एका वाक्यात मला पहिल्यांदा तिथे दिसले. म्हणून पुन्हा पॉलिसी काढली आणि बेल्ट शोधला.

गाडीच्या नुकसानीच्या भागात तो नाही. थर्ड पार्टीच्या भागात नाही. उरला तिसरा छोटा भाग, वैयक्तिक अपघाताचा. तिथे मालक-चालकासाठी १५ लाखांचं सक्तीचं कवच आहे. त्यात एक कोष्टक: मृत्यू, १०० टक्के. दोन हातपाय किंवा दोन्ही डोळे, १०० टक्के. एक हात व एक डोळा, १०० टक्के. एक हात किंवा एक पाय किंवा एक डोळा, ५० टक्के. असली कोष्टकं मी सोन्याच्या कर्जात बघते, कुठल्या कॅरेटला किती टक्के. माझ्या डाव्या हाताला साडेसात लाख. त्याखाली कधी मिळणार नाही त्याची यादी: जाणूनबुजून केलेली इजा, आत्महत्येचा प्रयत्न, दारू किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असताना झालेला अपघात. दारू आहे. बेल्ट नाही.

आणि प्रवासी? तिथे एक ओळ होती, 'अननेम्ड पॅसेंजर', पाच जण, प्रत्येकी एक लाख, हप्ता २५० रुपये. माणशी ५० रुपये. पहिल्या मालकाने ती घेतलेली होती, बहुधा न बघता. बेल्ट लावला नाही तर दंड १०००, आणि पाच माणसांच्या एकेक लाखाच्या विम्याला वर्षाचे २५०. सरकारच्या आणि कंपनीच्या वह्या एकमेकींना भेटलेल्या नाहीत, एवढं मला यातून कळलं.

मी भावजींना चहाला बोलावलं आणि कागद पुढे ठेवला.

"एआरएआय या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त ५०० रुपये. बरोबर?"

"बरोबर."

"वाहनचालकांच्या संघटनेचे सभासद असलो तर २०० रुपयांपर्यंत सूट."

"असते. कुणी घेत नाही."

"मग गाडीतले सगळे बेल्ट लावतात म्हणून किती?"

भावजींनी चहा बशीत ओतला. "वहिनी, लॉक बसवल्याची पावती असते. बेल्ट लावल्याची कुठून आणणार? आणि तुम्ही बेल्ट लावलात म्हणून कंपनीचे पैसे कुठे वाचतात? बंपर बेल्टमुळे वाचत नाही. समोरच्या स्कूटरवाल्याचा पाय वाचत नाही."

हे उत्तर मला आवडलं नाही, पण विचार केला तर त्यातच सगळं होतं. बेल्ट आतल्या माणसाला वाचवतो, आणि या पॉलिसीच्या मोठ्या रकमा आतल्या माणसासाठी नाहीतच. हप्ता पत्र्यासाठी आणि रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी. आतल्यासाठी आहे ते ते १५ लाख आणि माणशी ५० रुपयांची ओळ.

"पण आतला माणूस थर्ड पार्टी नाही का? मी पहिली, कंपनी दुसरी, बाकी सगळे तिसरे."

इथे भावजी सरसावून बसले. एजंटाला असा प्रश्न कुणी विचारत नसावं. नुसती सक्तीची पॉलिसी, जिला ते 'ॲक्ट पॉलिसी' म्हणतात, ती घेतली तर खासगी गाडीत भाडं न देता बसलेला माणूस तिच्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून ठरून गेलेलं आहे. रस्त्याने चाललेला अनोळखी माणूस तिसरा, पण मागच्या सीटवरची सासू तिसरी नाही. पॅकेज पॉलिसी असेल, म्हणजे ओन डॅमेजसकट, तर मात्र ती येते. २००९ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसं कळवलं आणि २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. म्हणजे बंपरचा विमा काढला तर सासूबाईंचा निघतो. बंपर नको म्हटलं तर त्याही नकोत.

"हे कुठे लिहिलंय?"

"निकालात."

"पॉलिसीत?"

"पॉलिसीत तुम्ही वाचून समजून घ्यायचं असतं."

चिपेबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी हात वर केले. आपल्या पॉलिसीत तसं कलम नाही, पण कोर्टात समोरचा वकील काय काढेल ते सांगता येत नाही, एवढंच म्हणाले. चिप मी भाच्याला परत दिली नाही, नाहीतर त्याने ती स्वतःच्या गाडीत लावली असती.

जपून चालवणाऱ्याचा हप्ता कमी करायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या एका कार्यगटाने 'वाहतूक नियमभंगाचा हप्ता' सुचवला होता. पॉलिसीत आणखी एक भाग, प्रत्येक चलनाला गुण. दारू पिऊन चालवलं तर १००, चुकीच्या जागी लावली तर १०, आणि गुणांप्रमाणे हप्ता चढता. सुरुवात दिल्लीपासून करू म्हणाले होते. माझ्या पॉलिसीत तरी तो भाग आलेला नाही. जुलै २०२२ मध्ये नियामकाने आणखी परवानगी दिली: गाडी जितकी चालेल तितका हप्ता, किंवा जशी चालवाल तसा. पहिल्या प्रकारात मीटरचा फोटो पाठवायचा. दुसऱ्यात मोबाईल किंवा गाडीतलं यंत्र बघणार, ब्रेक किती जोरात मारता, वळण कसं घेता. भावजी म्हणाले तुमच्यासाठी पहिलाच बरा, तुमची गाडी घर ते पतसंस्था एवढीच जाते. दुसऱ्याचं मी अजून ठरवलेलं नाही. यंत्राला माझा चाळीसचा वेग आवडेल, पण माझे ब्रेक नाही आवडणार.

नूतनीकरणाला पॅकेजच घेतली. प्रवाशांचा विमा दोन लाखांचा केला, तेव्हा माणशी ५० चे १०० झाले, म्हणजे पाच जणांचे ५००. भावजी म्हणाले ही ओळ स्वतःहून वाढवून मागणारी बाई त्यांना अजून भेटली नव्हती. झिरो डेप मिळाला नाही, एअरबॅग अर्धी माझीच. बोनसच्या शिडीची पहिली पायरी मिळाली, २० टक्के, मंडईतला ओरखडा खिशातून भरला म्हणून.

पुण्याला जाताना आता चौघेही बेल्ट लावतो. आनेवाडीच्या टोलला एकदा कर्मचाऱ्याने मागे वाकून बघितलं, आजींना बांधून ठेवलंय की काय अशा नजरेने. खेड-शिवापूरपर्यंत सासूबाई झोपतात, बेल्टमुळे डोकं काचेवर आपटत नाही हा त्यांनी स्वतः शोधलेला फायदा.

परवा कराडहून नणंदेचा फोन आला. त्यांच्या गाडीचा विमा संपतोय आणि हप्ता फार होतो म्हणून नुसती थर्ड पार्टीच घ्यायची असं घरात ठरलंय, गाडी जुनीच तर आहे. मी भावजींचं सगळं बोलणं तिला सांगितलं. निकाल सांगितला, २००९ सांगितलं, नुसत्या थर्ड पार्टीत मागे बसलेलं आपलं माणूस धरत नाहीत हे दोनदा सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"मग असं कर वहिनी," ती म्हणाली, "दिवाळीला आईला आणायला मी गाडी पाठवत नाही. तुझ्याच गाडीतून सोड तिला."